पोराक बापाशीचो सदरो

आमचं घर देवगड तालुक्यात, सड्यावर. सड्यावर म्हणजे खळ्याच्या पलीकडे कुदळ मारली की ठिणगी उडते. सासऱ्यांनी हापूसच्या कलमांसाठी कातळात सुरुंग लावून खड्डे काढले आणि खालच्या व्हाळाकडची माती आणून भरली. आता मिरचीसाठी कोण सुरुंग लावणार? म्हणून माझी सगळी भाजी कुंड्यांत. कुंड्या हा आपला बोलायचा शब्द. खरं तर रंगाच्या बादल्या, काळ्या पिशव्या आणि एक अर्धा कापलेला पिंप.

लग्नानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात मी मिरचीची चौदा रोपं केली. बोटाएवढी झाल्यावर ती थेट वीस लिटरच्या बादल्यांत लावून टाकली. हिशोब साधा होता. शेवटी जायचंच आहे मोठ्या बादलीत, तर मधे दोनदा कुंडी बदलायची कशाला? सासूबाई पडवीत सुपारी कातरत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पोराक बापाशीचो सदरो घातलंस काय गे?" मी हसले. बारा दिवसांत चौदातली नऊ कोलमडली.

एक बादली खळ्यात उपडी केली. वरची चार बोटं माती चांगली, भुसभुशीत. त्याखाली काळा चिखल, आणि वास? खाजणात ओहोटीला येतो ना, तो. मुळं हाताला लागेनात. एक सापडलं ते चिमटीत धरून ओढलं, तर त्याची साल मोज्यासारखी सुटून बोटांत राहिली आणि आत नुसता दोरा उरला. कुजलेलं मूळ कसं असतं ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

भोकातून निथळून झाल्यावर कुंडीत उरलेलं पाणी दोनच वाटांनी जातं. थोडं वरून उन्हा-वाऱ्याने उडतं, बाकीचं रोप पितं. मूठभर मुळांचं रोप वीस लिटर मातीतलं किती पिणार? उरलेली माती नुसती ओली बसून राहते, तिच्यात हवा खेळत नाही आणि मुळांचा श्वास कोंडतो. उन्हाळ्यात अशी चूक खपून जाते. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, तिथे नाही खपत. शिवाय पिशव्या असत्या तर चौदाच्या चौदा पडवीत ओढून घेता आल्या असत्या. भरलेल्या बादल्या राहिल्या पागोळ्यांखाली.

मग सुचला तो नेहमीचा उपाय: बुडाला खडी घाला, पाणी निघून जाईल. मी दोन इंच जांभ्याची खडी घातली. काही फरक नाही, उलट वाईटच. का, ते भांडी घासताना कळलं. भिजलेला स्पंज आडवा धरा, ठिबकणं थांबेपर्यंत थांबा आणि मग उभा करा. परत पाणी गळायला लागतं! म्हणजे आडवा असताना ते पाणी आत अडकूनच होतं. मातीचंही तसंच. बुडाशी ठरावीक उंचीचा थर ओला राहतोच, आणि तो किती उंच ते माती किती बारीक यावर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. खडी घातली की तोच ओला थर खडीच्या वर येऊन बसतो, मुळांच्या आणखी जवळ. म्हणून आता भोकावर कौलाचा एक तुकडा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बादलीला तापवलेल्या सळईने पेन्सिलीएवढी सात-आठ भोकं पाडते, काही बुडाला, काही बाजूला अगदी तळालगत. मातीत तूस आणि काथ्याचा भुसा मिसळते. दोन घमेली माती, एक शेणखत, एक हे मिश्रण. भुसा दोन-तीन पाण्यांत धुतल्याशिवाय वापरायचा नाही. आमच्याकडे नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवतात, ते मीठ भुशात राहतं आणि पानांच्या कडा करपतात.

आणखी एक गंमत मापांची. दुकानात कुंड्या इंचात मिळतात, सहा इंची, बारा इंची. आपल्याला वाटतं, बारा म्हणजे दुप्पट. मी लिटरच्या मापाने पाणी ओतून बघितलं. सहा इंचीत जेमतेम दोन लिटर, बारा इंचीत सोळाच्या आसपास. आठपट! रुंदी दुप्पट, लांबी दुप्पट, खोलीही दुप्पट, मग होणारच. तेव्हापासून मी इंच विसरले, लिटर बोलते. मिरचीला शेवटी दहा-पंधरा लिटर पुरतात, वांग्याला आणि टोमॅटोला वीस.

पावसाळ्यातली मिरची मी सोडूनच दिली. आता घटस्थापनेला बी टाकते, भोकं पाडलेल्या चहाच्या कागदी कपांत. दिवाळीपर्यंत चार-सहा खरी पानं येतात, मग पिशवी, दोन लिटरची. देवदिवाळीच्या सुमाराला बादली. पण पंचांग नुसतं आठवणीपुरतं, खरं रोपच सांगतं. सकाळी पाणी घालूनही दुपारी माना टाकतं, पिशवी उचलली तर हलकी लागते, भोकातून पांढरी टोकं डोकावतात. तेव्हा समजायचं, सदरा तोकडा झाला.

बदलायची वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर. तासभर आधी पाणी घालायचं. कोरड्या पिशवीतली माती तुटते, चिंब असली तर घसरते. खोड दोन बोटांच्या मध्ये घेऊन पंजा मातीवर ठेवायचा, पिशवी उलटी करायची आणि बुडाला थापटी मारायची. ओढायचं नाही. सगळं जुळून आलेलं असेल तर मातीचा गड्डा अख्खा हातात येतो, पिशवीच्या आकाराचा, त्यावर पांढऱ्या मुळांची जाळी, शेवयांसारखी. नव्या मातीत पूर्वीइतक्याच खोलीवर लावायचं. टोमॅटोला मात्र गळ्यापर्यंत पुरलं तरी चालतं, त्याच्या खोडालाच मुळं फुटतात. आणि कलम असेल तर सांधा मातीच्या वरच हवा. पुढचे तीन-चार दिवस झापाची सावली, कारण दुपारचा खारा वारा नव्या रोपाला उन्हापेक्षाही जास्त बाधतो. उन्हाळ्यात काळ्या पिशव्या उघड्या कातळावर ठेवू नका, चिऱ्याच्या तुकड्यांवर ठेवा. एप्रिलमध्ये त्या कातळावर अनवाणी उभं राहून बघा म्हणजे कळेल.

उशीर केला तरी फसतं. एका नर्सरीतून कागदी लिंबाचं रोप आणलं होतं, चांगलं कमरेएवढं. पिशवी इवलीशी, रोप एवढं मोठं, याचा मला तेव्हा आनंदच झाला. जसं आलं तसं अर्ध्या पिंपात लावलं. दोन वर्षं ना वाढ ना फूल. शेवटी उपटलं तर काय, आत मुळांची गुंडाळी तशीच, सुंभाच्या वेटोळ्यासारखी, पिशवीचा आकार जसाच्या तसा! बाहेरच्या मातीत एकही मूळ शिरलेलं नाही. एवढी माती मी दोन वर्षं उगाच शिंपली. आता गड्डा असा वेटोळलेला निघाला तर ब्लेडने उभे चार काप देते आणि तळाची गुंडाळी कापून टाकते. पहिल्यांदा हात थरथरला होता. रोपाने चार दिवस तोंड पाडलं आणि मग नवी फूट काढली.

या वर्षीच्या अकरा पिशव्यांपैकी नऊ काल बादल्यांत गेल्या. दोन उलट्या केल्या तर माती बोटांतून निसटायला लागली, मुळांनी अजून धरलंच नव्हतं. तशाच परत सरळ केल्या, माती दाबली, पाणी घातलं आणि पडवीच्या कठड्यावर ठेवून दिल्या.

सासूबाई बघत होत्या. "त्या दोघांक काय झालां गे?"

"त्यांका सदरो अजून मोठो होता," मी म्हटलं.