सॅडलबॅकचा कडा: चढा, उतरू नका

न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत ग्रेट रेंज ही शिखरांची रांग करायची असेल, तर अंतराचे आकडे बघून बेत आखू नका. ताशी पाच किलोमीटर आणि दर २००० फूट चढाईला एक तास जादा, हे नेहमीचं गणित इथे साफ कोसळतं. वाटा नागमोडी नाहीत. मुळं, चिखल आणि सुटे धोंडे तुडवत सरळ अंगावर चढतात. धारेवर ताशी दीड किलोमीटर धरा.

द गार्डनच्या पार्किंगपासून जॉन्स ब्रूक लॉजपर्यंतची वाट सोपी. शनिवार-रविवारी मात्र पार्किंग पहाटेच भरतं.

खरा प्रश्न बेसिन (४८२७ फूट) आणि सॅडलबॅक (४५१५ फूट) या दोन शिखरांमधला. सॅडलबॅकच्या नैर्ऋत्य अंगाला उघडा कातळ आहे. पुढच्या गॉथिक्स शिखरावर धरायला तारा लावल्यात, इथे काहीही नाही. म्हणून बेसिनकडून या आणि कडा चढा. चढताना खाचा नजरेसमोर असतात. उतरताना त्याच खाचा पायाने चाचपाव्या लागतात, आणि पाठीवरची सॅक प्रत्येक टप्प्यावर बाहेर ढकलते. रंगाच्या खुणा सोडू नका. काठ्या घडी करून सॅकच्या आत टाका, बाहेर बांधलेल्या काठ्या कातळात अडकतात. इथला खडक ॲनॉर्थोसाइट, कोरडा असताना तो खरखरीत असतो, बूट छान धरतो. ओला झाला, त्यावर शेवाळ असलं, की पकड संपली. कुत्रा न्यायचा विचार असेल तर सोडा.

निर्णय बेसिनच्या माथ्यावरच घ्या. मधल्या खिंडीतून खाली पळायला वाट नाही. पाऊस आला तर पुन्हा बेसिन चढून मागे, एवढाच पर्याय. कडा चढून गेल्यावर गॉथिक्सच्या खिंडीतून ओरबेड ब्रूकच्या वाटेने लॉजकडे उतरता येतं. तिथल्या लाकडी शिड्या गुडघे काढतात, पण धोक्याच्या नाहीत. बेसिनकडे जायला शोरी शॉर्टकट नकाशावर मोहात पाडतो. कमावलेली उंची घालवून परत चढायला लावणारी कंटाळवाणी वाट आहे ती. पाणी खालच्या ओढ्यांवरच भरा आणि गाळून घ्या, धारेवर मिळेल असं धरू नका.

मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत ब्लॅकफ्लाय असतात. या माश्या वाहत्या पाण्यात वाढतात, दिवसा चावतात, कानामागे आणि केसांच्या कडेला रक्त काढतात. गडद कपडे त्यांना बोलावतात. फिकट रंगाची पूर्ण बाही, पँट मोज्यात खोचलेली, डोक्यावर जाळी. कपड्यांना ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक घरीच फवारून वाळवा, त्वचेला २० टक्के पिकारिडिन हे माश्या पळवणारं औषध लावा. त्याऐवजी डीईईटी (DEET) हे औषधही चालतं, पण गॉगल आणि घड्याळाचं प्लास्टिक विरघळवतं. वारा असला की माश्या गायब, त्यामुळे जेवण धारेवर उरका, ओढ्याकाठी नको.

रात्री राहणार असाल तर १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर अस्वलापासून वाचवणारा कडक डबा सक्तीचा आहे. दोरीला पिशवी टांगणं इथे चालत नाही. अशी पिशवी खाली पाडायला अस्वलं केव्हाच शिकलीत. एका अस्वलीने तर पारदर्शक डब्याचं झाकण दातांनी उघडायचं तंत्र जमवलं होतं. अन्नच नाही, टूथपेस्ट, सनस्क्रीन, कचराही डब्यातच. तंबूपासून शंभर फुटांवर जमिनीवर ठेवा, ओढ्याजवळ किंवा उताराच्या कडेला नको, ढकलला की गेला. ग्रेट रेंज ज्यात येते त्या पूर्व भागात शेकोटीला बंदी आहे, तेव्हा स्टोव्ह लागेलच. स्वयंपाक अंधाराआधी आटपा.