पुनवेपासून दहा घटका

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि सर्वांत आधी आठवला तो नववीतला माझा बाकावरचा सोबती. ते 1978 साल होते. माझा पहिला क्रमांक जसा ठरलेला, तसे त्याचे गणितात नापास होणेही ठरलेले. मी हुशार आणि तो ढ, ही वाटणी साऱ्या वर्गाने, त्याने स्वतःनेसुद्धा, निमूटपणे मान्य केली होती.

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास तो काही दिवस शाळेत आला नाही. वर्गप्रमुख या नात्याने मी त्याची गैरहजेरी रोज मांडत होतो, पण तो का येत नाही हे विचारावे असे मला सुचले नाही. वाचताना जोडाक्षरांपाशी अडखळणाऱ्या, मागच्या बाकावरच्या एका मुलीने सरांना सांगितले की त्याचे वडील अंथरुणाला खिळले आहेत आणि मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचे, काम त्याच्यावर पडले आहे. त्याआधी दोन दिवस तो डबा न उघडताच घरी नेत होता, हेही तिने पाहिले होते. त्याच्या शेजारी मी बसत होतो.

सरांनी वह्या देऊन मला रविवारी त्याच्याकडे पाठवले. गोव्यातल्या आमच्या बोरीच्या खालच्या अंगाला, जुवारी नदीकाठच्या खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या सखल जमिनीत, बांधावर तो जाळे नीट करत बसला होता. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की मानशीची लाकडी झडप आपोआप मिटते आणि सुकती लागून बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा खाली उतरले की ती उघडते. जाळे लावायचे ते त्या वेळी. भरती कधी पुरी होईल, असे मी विचारले. जाळ्यावरची नजर न काढता तो म्हणाला, पुनवेला साडेअकराला भरली होती, रोज दोन घटका पुढे जाते, आज पंचमी, म्हणजे दहा घटका झाल्या, चार तास, साडेतीनला भरेल. माझ्या मनगटावर मामांनी दिलेले घड्याळ होते. साडेतीन वाजून दहा मिनिटांनी पाण्यावरून आत येणारा काडीकचरा थबकला, जागच्या जागी फिरला आणि हळूहळू नदीकडे परतू लागला. चोवीस मिनिटांची एक घटका, हा हिशेब मांडायला मला तरी त्या दिवशी कागद लागला असता.

मी हे सरांना सांगितले. तो शाळेत परतल्यावर सरांनी त्याला फळ्यापाशी बोलावून विचारले, ‘अमावास्येला भरती सकाळी अकराला भरली, तर दशमीला केव्हा भरेल?’ त्याने तत्काळ संध्याकाळचे सात सांगितले. मग सरांनी फळ्यावर लिहिले: एक घड्याळ रोज 48 मिनिटे मागे पडते, तर दहा दिवसांत ते किती तास मागे पडेल? तो खाली मान घालून उभा राहिला.

त्या गप्प राहण्याचा उलगडा मला फार वर्षांनी झाला. आपल्यासारख्याच पोर्तुगीजांच्या एका जुन्या वसाहतीत, ब्राझीलमधील रेसिफे शहरात, तेरेझिन्या कॅराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला आणि तो 1985 साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन दहा नारळांची किंमत विचारावी, तसे प्रश्न विचारल्यावर मुलांची सुमारे 98 टक्के उत्तरे बरोबर आली; तीच आकडेमोड कागदावर नुसती मांडून दिल्यावर जेमतेम 37 टक्के. मुले अवघी पाच होती, परंतु वाचताना मला फळ्यापाशी उभा असलेला माझा सोबती दिसत होता.

बुद्धी एक की अनेक, हा वाद जुना आहे. एका विषयात चांगले गुण मिळवणारी मुले बहुधा इतर विषयांतही मिळवतात, यावरून चार्ल्स स्पीअरमन यांनी 1904 मध्ये एका सामान्य बुद्धीची कल्पना मांडली; हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये सात स्वतंत्र बुद्धिमत्ता सांगितल्या, ज्यांना प्रयोगांचा पुरेसा आधार नाही असे अनेक मानसशास्त्रज्ञ मानतात. प्रत्येक मुलात काही ना काही अलौकिक दडलेले असते, असे मी म्हणणार नाही; ते मला केवळ सांत्वन वाटते. माझा सोबती ना गात असे, ना खेळात चमकत असे. पण त्याच्याकडे जे होते ते खरे गणित होते, आणि ते बांधावरून वर्गापर्यंत येत नव्हते. माझेही तसेच होते. आकड्यांत न चुकणाऱ्या माझ्या बुद्धीला शेजारचा न उघडलेला डबा दिसला नव्हता, आणि याची खंत मला आजही आहे.

सर त्या दिवशी रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावरचे ‘48 मिनिटे’ हे शब्द हाताने पुसले, त्या जागी ‘दोन घटका’ असे लिहिले आणि खडू त्याच्या हातात दिला. वर्गात कोणी हालले नाही. बऱ्याच वेळाने त्याने त्या ओळीखाली आठाचा आकडा काढला.