आर६२.९ हा आजार नाहीये गं वहिनी

परवा रात्री साडेदहाला वहिनीने व्हॉट्सॲपवर भाच्याच्या डिस्चार्ज पेपरचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ, ताई हे काय लिहिलंय. पंधरा महिन्यांचं पोर, जुलाब झाले म्हणून दोन दिवस ॲडमिट होतं, घरी आलं, खेळतंय. पण त्यावर मेडिक्लेमसाठी दोन कोड होते. ए०९.९, हे जुलाबाचं, त्याचं काही नाही. दुसरा आर६२.९. तो तिने गूगल केला आणि 'अपेक्षित शारीरिक विकासाचा अभाव' असलं काहीतरी वाचून रडायलाच बसली.

आता गंमत अशी की मी नऊ वर्षं मेडिकल कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरने लिहिलेल्या निदानाला विम्यासाठी कोड लावते, मुलुंडहून ऐरोलीला रोज तेच करायला जाते, दिवसभर अमेरिकेतल्या मुलांचे चार्ट, म्हणजे उपचाराच्या नोंदी, वाचते, आणि मला तो कोड पटकन ओळखूच येईना. कारण आमच्या पुस्तकात आर६२.९ नाहीच! आजारांच्या कोडची जागतिक यादी म्हणजे आयसीडी-१०, अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून तिची स्वतःची वाढवलेली आवृत्ती घेतली, आयसीडी-१०-सीएम, त्यात आर६२.५०, ५१, ५२, ५९ अशी पिल्लं आहेत. आपल्याकडच्या हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरला डब्ल्यूएचओची मूळ आवृत्ती असते, तिथे आर६२.० (बसणं, चालणं असे टप्पे उशिरा), आर६२.८ (इतर) आणि आर६२.९ एवढंच. म्हणजे तिच्या पेपरवरचा .९ हा आमच्या .५० चा चुलतभाऊ, 'अनस्पेसिफाइड'. वाढ थोडी मागे वाटते, नक्की काय ते अजून कळलेलं नाही, बस.

हे मी वहिनीला फोनवर सांगितलं आणि मग जे खरं सांगायचं होतं ते सांगितलं. आर ने सुरू होणारे सगळे कोड, आर०० ते आर९९, हा अख्खा चॅप्टरच लक्षणांचा. ताप, खोकला, पोटदुखी, वजन न वाढणं. आजाराचं नाव सापडलं की कोड दुसऱ्या अक्षरावर जातो. आर लिहिलाय म्हणजे डॉक्टर अजून शोधतायत, किंवा शोधण्यासारखं काही आहे का ते बघतायत. ती म्हणाली, मग लिहायचं तरी कशाला. बरोबर आहे तिचं, पण कोडरला रिकामी जागा सोडता येत नाही ना.

आमच्या कामातली सगळ्यात मोठी अट म्हणजे डॉक्टरने लिहिलं नाही ते आपण समजून घ्यायचं नाही. चार्टमध्ये वजन, उंची, पर्सेंटाइल (त्याच वयाच्या मुलांत कितवा नंबर) सगळं समोर दिसतं, मूल हडकलंय हे आंधळ्यालाही कळेल, तरी डॉक्टरने निदान लिहिल्याशिवाय मी कोड लावू शकत नाही, क्वेरी टाकायची, म्हणजे डॉक्टरला लेखी विचारायचं, आणि वाट बघायची. आणि ओपीडीत 'सिलिॲक (गहू न पचण्याचा आजार) असावा' किंवा 'रूल आउट थायरॉइड', म्हणजे थायरॉइड नाही ना ते बघा, असं लिहिलं तर ते धरायचंच नाही, लक्षणच कोड करायचं. ॲडमिट पेशंटच्या डिस्चार्जला मात्र 'प्रॉबेबल' (बहुधा) लिहिलं तरी तो आजार झालाच असं धरून कोड करता येतो, हे नव्या मुलांना समजावताना माझा घसा सुकतो.

या आर६२ ने मला पण एकदा चांगलाच फटका दिलाय. डॉक्टरने एफटीटी लिहिलं होतं, फेल्युअर टू थ्राइव्ह, म्हणजे मूल नीट वाढत नाही, मी डोळे मिटून आर६२.५१ टाकला. क्यूएने, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्यांनी, एरर काढली. बाळ सव्वीस दिवसांचं होतं! अठ्ठावीस दिवसांच्या आतलं बाळ असेल तर पी९२.६, आर नाहीच. जन्मतारीख बघितली असती तर पाच सेकंदाचं काम. तेव्हापासून चार्ट उघडला की आधी वय. उंचीचं पण तसंच, नुसतं बुटकेपण असेल तर आर६२.५२, हार्मोनमुळे असेल तर ई३४.३ मध्ये जायचं, आणि तेही १ ऑक्टोबर २०२२ ला फोडून बारीक बारीक केलं, आता ई३४.३ एवढंच टाकलं की क्लेम परत.

बाकी फेल्युअर टू थ्राइव्ह हा शब्द मला कधीच आवडला नाही. फेल्युअर कोणाचं? आई वाचते तेव्हा तिला वाटतं माझंच. आमची आजी याच गोष्टीला म्हणायची, पोराला खाल्लेलं अंगी लागत नाही. त्यात कोणी नापास होत नाही, आणि खाणं, पचणं, अंगी लागणं यातलं कुठे अडलंय हे विचारायला जागा राहते. डॉक्टरसुद्धा तेच शोधतात की.

वहिनीची खरी भीती वेगळीच निघाली, तो अजून चालत नाही. मी विचारलं, धरून उभा राहतो का, तर हो, टीव्हीच्या टेबलाला धरून कडेकडेने जातो. डब्ल्यूएचओने निरोगी मुलांचा अभ्यास केला होता त्यात एकट्याने चालण्याचा काळ साधारण ८.२ ते १७.६ महिने आलाय, म्हणजे अजून वेळ आहे. तुझा नवरा दीड वर्षाचा होईपर्यंत आईच्या कडेवरून उतरला नव्हता हे पण सांगितलं, तेव्हा कुठे हसली.

वजनाचं मात्र मी हसण्यावारी नेलं नाही. लसीकरणाच्या कार्डात मागे वाढीचा तक्ता असतो, मुलांचा निळा, त्यावर आत्तापर्यंतचे सगळे ठिपके लावून डॉक्टरकडे ने म्हटलं. एक वजन काही सांगत नाही, त्यातून ते जुलाबानंतरचं. रेषा आपल्या चालीने वर जातेय की खालच्या रेषेत घसरतेय ते बघायचं. तिने शोधलं तर नवव्या महिन्यानंतर कोणी काही भरलेलंच नाही.

शनिवारी मीच जाणारे लालबागला, तिघं मिळून डॉक्टरकडे. लांबी माझ्यासमोर नीट मोजून घेणारे, दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवून मोजतात आणि हा पठ्ठ्या पाय असे आखडतो की दोघांनी धरलं तरी सेंटिमीटरभर कमीच भरतो.