पायरीखालचा स्पंज

१९८४ च्या दिवाळीच्या सुट्टीत, नववीत असताना, कृष्णेत पोहताना घाटाच्या बुडालेल्या पायरीला काहीतरी हिरवं, खरखरीत लागलं. शेवाळ बुळबुळीत असतं. हे भाकरीएवढं जाड होतं, त्यावर भोकं होती आणि वास उग्र होता. वरवर खरवडून तुकडा डब्यात घेतला नि दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंच्या घरी गेलो. तोवर माझा हात चुरचुरत होता.

बाईंनी भिंग लावलं. "अरे, हा प्राणी आहे. स्पंज."

स्पंजांसारखे रंध्रीय प्राणी म्हणजे समुद्रातले, एवढंच मी पुस्तकात वाचलं होतं. हा नदीतला. हिरवा रंग त्याचा स्वतःचा नाही, अंगात राहणाऱ्या शैवालाचा. बारीक छिद्रांतून पाणी आत ओढायचं, त्यातले जीवाणू गाळून खायचे आणि मोठ्या भोकातून पाणी बाहेर सोडायचं, हा त्याचा उद्योग. हात चुरचुरला तो त्याच्या सिलिकाच्या सुयांनी. त्यांना कंटिका म्हणतात.

मी नाव विचारलं. बाई म्हणाल्या, "आत्ता नाही सांगता येणार. तू वरचाच थर आणलास. बिया कुठायत?"

पाणी आटायला लागलं की स्पंज मरतो, पण बुडाशी खसखशीएवढे गोल दाणे ठेवून जातो. बाई त्यांना बिया म्हणत आणि लगेच सांगत की या खऱ्या बिया नव्हेत. चिवट कवचात जपलेल्या जिवंत पेशी आहेत. रंग आणि आकार उजेडाप्रमाणे, प्रवाहाप्रमाणे बदलतो, त्यावर भरवसा नाही. जात ओळखायची ती कंटिकांवरून आणि या दाण्यांच्या कवचावरून. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत थांबणं आलं. मला तेव्हा फार राग आला होता.

एप्रिलमध्ये पायरी उघडी पडली. तिच्या खालच्या अंगाला राखाडी खपली होती. बाईंनी शिकवल्याप्रमाणे पटाशी दगडाला लावून ती बुडासकट काढली. खाली पिवळसर दाणेच दाणे! डब्यावर चिठ्ठी लावली: तारीख, घाट, पाण्यापासून किती उंचीवर, दगडाची कुठली बाजू. चिठ्ठी नसलेला नमुना बाई हातात घेत नसत.

कंटिका सुट्या करायला नायट्रिक ॲसिड लागायचं, पण त्याला आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. प्रयोगशाळेमागच्या ओट्यावर बाईंनी स्वतः परीक्षानळी तापवली, आम्ही लांब उभे. तपकिरी धूर निघाला, मांस विरघळलं, तळाशी पांढरा गाळ राहिला. तो निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा धुवायचं. असं पाच वेळा. मग काचपट्टीवर घेऊन वाळवायचा.

शाळेच्या त्या एकुलत्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर काचेच्या सुया! गुळगुळीत, दोन्ही टोकांना अणकुचीदार. दुसऱ्या काचपट्टीवर ॲसिड न लावलेला दाणा ब्लेडने कापून ठेवला होता. त्याच्या कवचात मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसली, हवेने भरलेली. कोलकात्याच्या संग्रहालयातल्या ॲनंडेल यांच्या १९११ च्या ग्रंथातला ओळखतक्ता बाईंनी एका कॉलेजच्या ग्रंथालयात बसून वहीत उतरवून आणला होता. तो समोर ठेवून त्या एकेक प्रश्न विचारत गेल्या. सुयांवर काटे आहेत का? टोकांना दातेरी चाकं आहेत का? पोळं दिसतंय का? शेवटी नाव मीच वाचलं: स्पॉन्जिला कार्टेरी. आता त्याला युनेपियस कार्टेरी म्हणतात. कार्टर हे मुंबईतले लष्करी डॉक्टर. मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांचं वर्णन त्यांनी १८४९ मध्ये छापलं होतं. त्यांच्या नावाचा प्राणी आपल्या घाटाच्या पायरीखाली होता, या आनंदात मला त्या रात्री झोप लागली नाही.

उरलेले दाणे बाईंनी नदीच्या पाण्यात, काचेच्या ग्लासात ठेवले. काही दिवसांनी ग्लासाच्या तळाला पांढरट ठिपका धरला. मेलेल्या खपलीतून नवा स्पंज सुरू झाला होता.

पुढे मी नोकरी बँकेत केली, पण एप्रिलमध्ये गावी आलो की घाटावर जातोच. अलीकडे बऱ्याच पायऱ्यांवर सिमेंट चढलंय. यंदा खपली फक्त एका दगडाखाली सापडली. मी त्यातली नखाएवढी घेतली, बाकी तशीच ठेवली. तिची काचपट्टी या स्मरणिकेसोबत शाळेच्या प्रयोगशाळेला देतो आहे, चिठ्ठीसकट. नववीतल्या कुणाला तो दगड पाहायचा असेल, तर पुढच्या एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी सात वाजता मी घाटावर असेन. पटाशी आणि भिंग माझ्याकडे आहे.