वरळीचा बोगदा आणि आमच्या इमारतीची वाहिनी

माझी आई माहीमच्या बाजारात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, घेताना टोपलीला हात लावण्याआधी कोळीण मावशींना विचारत असे, “या खाडीतल्या नाहीत ना?” त्या प्रश्नामागचे शास्त्र मला फार उशिरा समजले. तिसऱ्या आणि कालवे पाणी गाळून त्यातील अन्नकणांवर जगतात. त्यामुळे पाण्यात मैल्यातील जिवाणू असतील, तर ते त्यांच्या शरीरात साठत जातात, आणि वरून पाणी कितीही नितळ दिसले तरी धोका टोपलीतून घरात येतो.

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर वरळी आणि वांद्रे येथे समुद्रतळाखालून खणलेले, तीन किलोमीटरहून अधिक लांबीचे बोगदे आहेत. शहराचे मैलापाणी चाळण्यांतून आणि वाळू बसवणाऱ्या टाक्यांतून नेऊन या बोगद्यांतून खोल पाण्यात सोडले जाते. भरपूर पाण्यात मिसळून ते विरळ व्हावे आणि खारेपणा व सूर्यप्रकाश यांनी जिवाणू मरावेत, असा त्यामागचा हिशोब आहे. किनाऱ्यालगतच मैला सोडण्यापेक्षा हे निश्चितच बरे होते, आणि त्या अभियंत्यांचे श्रेय नाकारण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु अंतर म्हणजे शुद्धीकरण नव्हे. विरळ झालेला नायट्रोजन आणि फॉस्फरस नाहीसा होत नाही, चाळणीतून निसटलेला बारीक गाळ तळाशी बसतो, आणि भरती-ओहोटी दिवसातून दोनदा पाणी मागे-पुढे फिरवत राहते.

स्नान आणि व्यावसायिक मासेमारीसाठीच्या किनारी पाण्याचे निकष आपल्याकडे स्पष्ट आहेत: १०० मिलिलिटरमध्ये मैल्याशी निगडित कोलिफॉर्म जिवाणू १०० पर्यंत, जैविक ऑक्सिजन मागणी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला जेवढा प्राणवायू वापरतात ते प्रमाण) लिटरमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि विरघळलेला प्राणवायू निदान ४ मिलिग्रॅम. तिथवर जायचे, तर चाळण्या आणि टाक्या पुरेशा नाहीत. पाण्यात हवा खेळवून, जिवाणूंकडूनच सेंद्रिय घाण खाववून, मग तो गाळ वेगळा काढणारी जैविक प्रक्रिया हवी. जानेवारी २०२३ मध्ये वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, भांडुप आणि घाटकोपर अशा सात केंद्रांच्या कामाची पायाभरणी झाली; त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर आहे. ही केंद्रे पूर्ण क्षमतेने चालावीत, असे मला मनापासून वाटते.

तरीही केंद्र तेवढेच पाणी शुद्ध करू शकते, जेवढे त्याच्यापर्यंत पोहोचते. मुंबईत मैलापाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आहेत, आणि पावसाची वाहिनी कोणत्याही प्रक्रियेविना नाल्यातून थेट खाडीत जाते. वस्त्यांना मलवाहिनी मिळालेली नसल्याने त्यांचा मैला नाल्यात जातो, हे आपण सहज म्हणतो. आमच्या इमारतीला मात्र मलवाहिनी होती.

गटार तुंबल्यावर आम्ही प्लंबरला बोलावले. त्याने तळमजल्यावरील शौचालयात हिरवा रंग ओतला आणि थोड्या वेळाने तो रंग अंगणातील पावसाच्या चेंबरमध्ये दिसला. पूर्वी कधीतरी झालेल्या दुरुस्तीत एका बाजूच्या चार मजल्यांची जोडणी चुकीच्या वाहिनीला दिली गेली होती. म्हणजे कित्येक वर्षे आम्ही वस्त्यांकडे बोट दाखवत होतो आणि आमचाच मैला कोणत्याही चाळणीशिवाय खाडीत जात होता. मला त्या दिवशी लाज वाटली, आणि आईचा प्रश्न आठवला.

दुरुस्तीच्या खर्चावरून सभेत बराच वाद झाला. अखेर वर्गणी काढून जोडणी बदलली. पुन्हा रंग ओतून पाहिला, तेव्हा पावसाच्या चेंबरमधील पाणी तसेच राहिले. आता शेजारच्या दोन इमारतींच्या समित्यांना आम्ही त्याच प्लंबरचा पत्ता दिला आहे. एका इमारतीत पुढच्या रविवारी तपासणी आहे.