पोळा ते महालक्ष्म्या: एका स्प्रिंटचा हिशेब

नागपूरच्या मिहानमध्ये आमची सहा जणांची सॉफ्टवेअर टीम आहे. स्प्रिंट, म्हणजे ठरवलेलं काम पूर्ण करायचा टप्पा, दोन आठवड्यांचा. मागच्या वर्षी सलग तीन स्प्रिंटचं काम उरलं. दर वेळी शेवटचे दोन दिवस पोरं रात्री अकरापर्यंत बसायची. कामात कुणीच कसूर करत नव्हतं, हे मी रोज बघत होते. म्हणजे चूक माझ्या शीटमध्येच होती.

त्या शीटमध्ये सहा जण, दहा दिवस, आठ तास, असे 480 तास मांडलेले. पुढच्या स्प्रिंटमध्ये तर पोळा, तान्हा पोळा, गणपती, महालक्ष्म्या, सगळंच येत होतं. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीची सुट्टी आणि गणेश चतुर्थीची सुट्टी, यातच सहा जणांच्या मिळून साठ दिवसांतले बारा गेले. एकाला पोळ्याला गावी जायचं होतं. दोघींच्या घरी महालक्ष्म्या, त्यांचे दोन-दोन दिवस. उरले 43.

तासांचंही तसंच. आधीचे दोन आठवडे सगळ्यांनी प्रत्यक्ष कामाचे तास लिहून ठेवले होते. स्टँडअप (रोजची छोटी बैठक), क्लायंटचे कॉल, कोड रिव्ह्यू वगळता दिवसाला सरासरी पाच तास निघाले. 43 गुणिले 5 म्हणजे 215. ज्याच्याकडे सपोर्टची पाळी, त्याचे 25 वजा केले. 480 च्या जागी 190! मी दोनदा तपासून पाहिलं.

पण खरी अडचण त्याहून पुढे होती. आमच्याकडे टेस्टर एकच, आणि महालक्ष्म्या तिच्याच घरी. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ताई, दर वर्षी मी सुट्टीतही लॅपटॉप उघडते. पुरणाचं पातेलं गॅसवर आणि इकडे बिल्ड तपासायचा. यंदा नाही जमणार." तिचे सहा दिवस, म्हणजे 30 तास. डेव्हलपरांनी कितीही कोड लिहिला तरी पूर्ण तेवढंच होणार होतं, जेवढं त्या 30 तासांत तपासून होईल. म्हणून या वेळी प्रत्येक स्टोरीला, म्हणजे कामाच्या प्रत्येक छोट्या भागाला, टेस्टिंगचे तास आधी लिहिले, आणि बेरीज 30 च्या जवळ गेली तिथे थांबलो. तेरा स्टोऱ्यांच्या सात झाल्या. ज्या डेव्हलपरांकडे वेळ उरत होता, त्यांनी ऑटोमेशनच्या टेस्ट लिहायला घेतल्या.

क्लायंटकडचे मॅनेजर नाराज झाले. "तुम्ही कमिटमेंट कमी करताय," म्हणाले. मी सांगितलं, "सर, स्प्रिंटमध्ये किती काम होईल यासाठीचा 'कमिटमेंट' हा शब्द स्क्रम गाइडने, म्हणजे आपल्या या स्प्रिंटच्या पद्धतीच्या मूळ पुस्तिकेने, 2011 मध्येच काढून 'फोरकास्ट' केला. मी अंदाज देतेय, आणि तो कसा काढला ते या शीटमध्ये आहे." सुट्ट्यांचा रकाना त्यांनी बराच वेळ वाचला. मग कोणत्या सात स्टोऱ्या आधी हव्यात, ते त्यांनीच क्रम लावून दिलं. मला तेच हवं होतं.

सातपैकी सहा पूर्ण झाल्या. सातवी एका थर्ड-पार्टी एपीआयमुळे, म्हणजे बाहेरच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरशी असलेल्या जोडणीमुळे, अडकली. रात्री कुणी थांबलं नाही, आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी टेस्टरला एकही फोन गेला नाही.

दसऱ्याच्या स्प्रिंटची शीट मी उघडली, तेव्हा त्यात दोन नोंदी आधीच होत्या. टीममधले दोघं दीक्षाभूमीवर बाहेरगावहून येणाऱ्यांना जेवण वाढतात. दसऱ्याची सुट्टी असतेच, पण आदला दिवसही त्यांना लागतो. मी विचारायच्या आत त्यांनी तो लिहून ठेवला होता.