गंजलेल्या पत्र्याचे रंग

बुधवार, रात्र

विणकामाच्या प्रोजेक्टसाठी गंजलेला पत्रा हा विषय घेतला तेव्हा डोक्यात एकच तांबूस नारिंगी रंग होता. पोस्टर कलर घेऊन बसले आणि त्या एका रंगाचे कितीतरी रंग झाले. कडेला काळपट तपकिरी, आत गेरू, मधेच हळदी पिवळ्याचा ओघळ, आणि गंज अजून पोचला नाही तिथे निळसर राखाडी. ही राखाडी मला फोटोत दिसलीच नव्हती. रंगवायचं म्हटलं की प्रत्येक छटा हाताने मिसळावी लागते, त्यामुळे तिच्यात काय काय आहे ते शोधल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फोटो चिकटवून थेट धागे निवडायला बसणं मला म्हणूनच पटत नाही.

त्या राखाडीनेच आज सगळा दिवस घेतला. ती मी नुसता काळा आणि पांढरा मिसळून केली होती, निळा त्यात अजिबात नव्हता. तोच रंग कोऱ्या कागदावर लावला तर साधी राखाडी. गेरूला खेटून लावला की निळा. रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो, नारिंगी निळ्याकडे, हे शिकताना ऐकलं होतं, पण स्वतःच्या ब्रशखाली ते होताना पाहणं वेगळंच. हा नियम कापडवाल्यांच्याच तक्रारीतून पुढे आला, याचा मला फार आनंद वाटतो. भिंतीवर लावायची विणलेली चित्रं बनवणाऱ्या पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात 1824 पासून रंगाईचं काम बघणाऱ्या शेवरल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली की काळ्या लोकरीला गडदपणा येत नाही. त्याने तपासलं तर काळा रंग चांगलाच होता. शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला फिका पाडत होते.

म्हणजे मला निळा धागा लागणारच नाही, असं वाटलं. साधा राखाडी घ्यायचा, निळेपणा गेरू देईल. मग शंका आली, धागे तर एकमेकांत गुंतणार. म्हणून दोन पट्ट्या रंगवल्या. एकीवर गेरू आणि राखाडीचे रुंद पट्टे, दुसरीवर त्याच दोन रंगांच्या अगदी बारीक, एकाआड एक रेघा. दोन्ही भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले. रुंद पट्ट्यांतली राखाडी अजून निळीच होती. बारीक रेघांचा मात्र एक मातकट तपकिरी झाला होता, निळा नाही आणि नारिंगीही नाही. तेच रंग, तितकेच, फक्त तुकडे लहान.

साध्या विणीत हेच होणार. उभा ताणा राखाडी आणि आडवा बाणा गेरू घेतला तर दोन्ही निम्मे निम्मे दिसतात आणि डोळा त्यांना एक करून टाकतो. पत्र्याचे डाग वेगळे राहायला हवे असतील तर एका जागी ताणा वर हवा, दुसऱ्या जागी बाणा. पाच धाग्यांच्या सॅटिनमध्ये ताण्याचा चार पंचमांश भाग वर दिसतो, आणि वीण उलटी केली की तितकाच बाणा. माझी पहिली पसंती तीच, पण असे दोन भाग शेजारी शेजारी विणायला दहा शाफ्ट (ताण्याचे धागे उचलणाऱ्या चौकटी) लागतात आणि मला मिळालेल्या मागाला आठ आहेत. मग तीन-एक आणि एक-तीन ट्विल घेतेय, म्हणजे तिरप्या रेघांची वीण, एका भागात चारांतले तीन ताणे वर, दुसऱ्यात एकच. चार आणि चार, आठात बसतं. तीन चतुर्थांश रंग वर येईल. थोडा मळकेपणा शिरेल, पण गंजाच्या कडा तशाही स्वच्छ कुठे असतात.

आणि साधी वीण मी टाकून देणार नाही. तो मातकट तपकिरी पत्र्याच्या त्या काळपट कडेला शोभेल, आणि त्यासाठी वेगळा धागाही लागणार नाही. हे मला रेघा ओढल्याशिवाय सुचलं नसतं.

प्रमाण ठरवायला जाड कागदात चौकोनी खिडकी कापून ती चित्रावर फिरवली. बहुतेक ठिकाणी गेरू फार होता. जिथे राखाडी निम्म्याहून जास्त आणि पिवळा अगदी एखादी रेघ, तिथे थांबावंसं वाटलं. त्या तुकड्यावर चौकडी आखून रंगांची घरं मोजली. ताणा-बाण्याचं प्रमाण आता तिथूनच काढेन.

धागे जुळवायचे ते सकाळच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली चित्राशी जुळलेला धागा दिवसा वेगळा निघू शकतो. शिवाय पोस्टर कलर वाळला की फिक्या छटा थोड्या गडद होतात, गडद थोड्या फिक्या, म्हणून ओल्या चित्रावर धागा ठेवायचा नाही. एक गोष्ट अजून ठरत नाहीये: हळदी पिवळा बाण्यात टाकायचा की ताण्यात मोजके धागे घालायचे? ताण्यात घातला तर ओघळासारखा सरळ खाली उतरेल, पण मग तो सगळ्या लांबीभर राहणार. आधी दोन्ही रंगवून बघते.